शुक्रवारी न मिटलेली वही

शुक्रवारबाईंचं खरं नाव त्यांच्या खोलीच्या दारावर होतं. पण दार उघडं असलं की ती पाटी भिंतीकडे तोंड करून बसे, आणि दार कायम उघडं असे. त्यामुळे विद्यापीठाच्या त्या विभागात विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या आल्या नि गेल्या, त्यांच्यापैकी कुणालाही बाईंचं नाव सांगता आलं नसतं. बाईंना हे ठाऊक होतं. 'शुक्रवारबाई' हे काही त्यांना फार आवडत नव्हतं, पण आधीच्या नावापेक्षा बरं होतं. आधी त्यांना 'टकटक' म्हणत.

टकटक म्हणत, कारण बाई विभागात आल्या त्या टंकलेखक म्हणून. दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करायचे, पण वाचायचे नाहीत, अशी त्यांची पद्धत होती. वाचायला लागलं की मत तयार होतं आणि मत तयार झालं की हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले आणि टंकलेखकाचं पद गेलं. बाई तेवढ्या उरल्या. त्यांचं करायचं काय, यावर एक बैठक झाली. दुसरी बैठक, नव्या सर्व्हरकडे कुणी बघायचं यावर झाली. तो सर्व्हर कुणालाच नको होता. दोन्ही बैठकांना माणसं तीच होती, त्यामुळे तिसऱ्या बैठकीची गरज पडली नाही. सर्व्हर बाईंच्या गळ्यात पडला.

या सर्व्हरवर सगळ्यांच्या सामायिक वह्या होत्या. वही म्हणजे कागदाची नव्हे. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, त्यात चौकोनी कप्प्यांमध्ये गणितं लिहायची, बटण दाबलं की खाली उत्तर येतं, आलेख येतो. गणित तुमच्या संगणकावर होत नाही, ते बाईंच्या सर्व्हरवर होतं. तीच वही तुमच्या सरांना त्यांच्या घरून उघडता येते आणि परीक्षकांना दुसऱ्या गावाहून. पहिल्या वर्षाच्या पोरांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांचा संसार त्या एका यंत्रावर चाले.

आता मेख अशी, की वहीत लिहिलेलं असतं ते वेगळं आणि सर्व्हरच्या डोक्यात असतं ते वेगळं. स्वयंपाकाची कृती कागदावर असते, भाजी कढईत असते. कृतीतली मिठाची ओळ तुम्ही खोडून टाकली म्हणून कढईतली भाजी अळणी होत नाही. ती चांगलीच लागते. लोक वाटीत घेऊन खातात, वाहवा करतात. तोच कागद घेऊन कुणी नव्याने स्वयंपाक करायला बसलं की मग कळतं. वह्यांचं तंतोतंत तसंच. माणूस पान नीटनेटकं करायला जातो, हवी ती ओळ चुकून पुसतो, आणि सर्व्हरला आधीचं सगळं आठवत असल्यामुळे आलेख येतच राहतो. माणूस खूश असतो. वही मिटून, सर्व्हरचं डोकं रिकामं करून, पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवावी तेव्हा लाल अक्षरं येतात.

बाईंनी वह्या मिटायला सुरुवात केली ती काही या थोर कारणासाठी नव्हे. लोक वह्या उघड्या टाकून घरी जात, सर्व्हर भरून जाई आणि सोमवारी सकाळी मान टाकी. म्हणून बाई शुक्रवारी चार वाजता सगळ्यांच्या वह्या सरसकट मिटू लागल्या. पावणेचारला टेबलावरची घंटी वाजवायच्या. दुकानाच्या गल्ल्यावर असते तसली ती घंटी. "साठवा," एवढंच म्हणायच्या. चारला पडद्यावरची यादी वरून खाली एकेक करत मिटायच्या.

मग लोकांच्या लक्षात आलं, की शुक्रवारी मिटलेली वही सोमवारी पहिल्यापासून चालली तर ती खरी. हळूहळू विभागात ती रीतच झाली. पाण्याच्या पाइपांवर संशोधन करणारे एक सर होते, त्यांना सगळे पाइपवाले सर म्हणत. ते तर विद्यार्थ्याने आलेख पुढे धरला की आधी विचारत, "शुक्रवार झाला का?" झाला नसेल तर चष्मासुद्धा लावत नसत.

सूट कुणालाही नव्हती. सर्व्हरमध्ये सोय होती, एखाद्या नावापुढे खूण केली की ती वही मिटण्यातून वगळली जाई. बाईंनी ती खूण कधी केली नव्हती. एकदा विभागप्रमुख संचालकांचं पत्र घेऊन आले. त्यांचं काहीतरी मोठं गणित चालू होतं आणि ते रविवारपर्यंत चालणार होतं. बाईंनी पत्र वाचलं, "अक्षर छान आहे," म्हणाल्या आणि चार वाजता मिटलं. विभागप्रमुख पुढचा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याआधीही ते फारसं बोलत नसत.

अशा या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईंची भाची त्याच विभागात शिकायला आली. धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर दप्तराएवढी होती, तेव्हापासून ती मावशीकडेच. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, असं विचारणाऱ्याला त्या "राहून गेलं" म्हणत, जसं एखाद्याचं दूध आणायचं राहून जावं. भाचीला मात्र त्यांनी काही राहू दिलं नाही. वेण्या, पाढे, गोवर, सायकल, सगळं वेळच्या वेळी.

विभागात पाऊल टाकण्यापूर्वी दोघींचं ठरलं, की इथे नातं आणायचं नाही. भाची त्यांना सगळ्यांसारखी "बाई" म्हणे, अहो-जाहो करी. पाइपवाले सर सोडले तर कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी दोघी एकाच बसने येत आणि फाटकापाशी वेगळ्या होत.

भाचीचं काम पाइपवाल्या सरांकडेच होतं. जमिनीखालच्या पाइपाला सूक्ष्म श्रवणयंत्र लावायचं, आवाज टिपायचा, आणि पाणी कुठे गळतंय ते त्या आवाजावरून ओळखायचं. तीन वर्षं ती शहरभर पाइपांना कान लावत हिंडली. घरीसुद्धा न्हाणीघरातल्या नळाला कान लावून बसे. शेजारच्या काकूंनी एकदा बघितलं आणि बाईंना बाजूला घेऊन, "पोरीचं सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. "ठीक आहे, संशोधन करते," बाई म्हणाल्या. काकूंना तो आजार ऐकून माहीत असावा, त्यांनी हळहळून मान हलवली.

प्रबंधाची वही सोमवारी दुपारपर्यंत द्यायची होती. वेळेत पदवी मिळाली तर पाणी खात्यातली जागा तिच्यासाठी जवळजवळ ठरलेली होती. आदल्या गुरुवारी भाची घरी आली ती नाचतच. आलेख आला होता. गळकी जागा आणि धड जागा यांच्या रेषा एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या. "मावशी, आता फक्त पान आवरायचं. नुसता उकिरडा झालाय."

शुक्रवारी तिने पान आवरलं. तीनच्या सुमाराला तिला ताप भरला आणि ती घंटी वाजायच्या आधीच घरी गेली. चार वाजता बाई यादी उघडून बसल्या. वरून खाली मिटत आल्या आणि भाचीच्या नावावर थांबल्या.

बाईंना त्या वहीतलं अक्षर कळत नव्हतं. पण पान आवरल्यानंतरच्या सोमवारचे चेहरे त्यांनी इतकी वर्षं बघितले होते. त्यांच्या खोलीबाहेर सगळे विद्यार्थी बसत, त्या हॉलमध्ये एक जुना संशोधक होता, इतका जुना की त्याला सगळे गोगलगाय म्हणत. त्याचा चेहरा तर दर सोमवारी बघितला होता. भाचीची वही मोडली तर दुरुस्तीला सोमवारची एक सकाळ. त्यात पोरीला ताप. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारने तिचं काम असंच खाल्लं होतं. तेव्हा ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि बाई ताट हातात धरून दारात उभ्या राहिल्या होत्या. मिटणारा हात त्यांचाच होता, आणि पोरीने तसं बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. ते ताट बाईंना अजून हातात जड लागे.

त्यांनी नावापुढे खूण केली. मग बाकीच्या वह्या मिटल्या, घंटीवरची धूळ पुसली आणि घरी जाऊन पेज केली.

सोमवारी भाची ताप उतरलेल्या तोंडाने आली, वही उघडली आणि सगळ्यांप्रमाणे पहिल्या ओळीपासून चालवली. सर्व्हरला शुक्रवारचं सगळं आठवत होतं. आलेख झोकात आला. तिने वही देऊन टाकली.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मावशी, तुझ्या शुक्रवारातून पार पडले. सरांनी विचारलं, शुक्रवार झाला का? म्हटलं, झाला!"

बाईंचा घास तिथेच राहिला. आपण पोरीचं रडणं वाचवलं, एवढाच त्यांचा हिशेब होता. पोर शुक्रवारवर विसंबून आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. विभागातला प्रत्येक जण ज्या एका गोष्टीवर डोळे झाकून भरवसा ठेवत होता, ती गोष्ट त्यांनी एकाच माणसापासून काढून घेतली होती, आणि ते माणूस त्यांचं स्वतःचं होतं.

"मीठ जास्त झालंय का?" भाचीने विचारलं.

"नाही. ठीक आहे," बाई म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला अजून अवकाश होता. त्या दिवशी परीक्षक वहीची नक्कल नव्याने उघडणार आणि सगळ्यांसमोर पहिल्या ओळीपासून चालवणार. वही धड असेल तर प्रश्नच नव्हता. बाईंनी स्वतःला दिवसातून बरेचदा सांगितलं की धड असेल. वही मिटून बघितलं असतं तर कळलं असतं, पण मिटली आणि मोडली तर? म्हणून पुढच्या शुक्रवारीही त्यांनी खूण तशीच ठेवली. आता ती वही म्हणजे दारात आलेला पाहुणा झाली होती, आत घ्यावा तर पंचाईत, घालवावा तर पंचाईत.

त्या शुक्रवारी गोगलगाय त्यांच्या खोलीत डोकावला. "बाई, सर्व्हर जरा जड वाटतोय. एखादी वही मिटायची राहिली का?"

"माझ्याकडून?" बाई म्हणाल्या.

गोगलगाय क्षमा मागून गेला. बाईंना त्याची क्षमा दिवसभर टोचत राहिली. इतक्या वर्षांत या खोलीत त्या कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. तशी वेळच आली नव्हती.

घरी सांगायचे त्यांनी बरेच प्रयत्न केले. एकदा सुरुवात केली आणि कांद्याच्या भावावर संपवली. एकदा भाची फोनवर पाणी खात्यातल्या साहेबांशी बोलत होती, इतकी हसत होती, की बाई आल्या पावली परतल्या. शेवटी रविवारी सकाळी भाची न्हाणीघरात नळाला कान लावून बसली होती. तोंड पलीकडे होतं. बाईंना पाठीशी बोलणं सोपं वाटलं.

"तुझी वही मी मिटली नव्हती."

भाचीने कान काढला नाही. "कधी?"

"त्या शुक्रवारी."

"आणि परवाच्या?"

"परवाच्याही नाही."

"बाकीच्यांच्या?"

"बाकीच्यांच्या मिटल्या."

नळ ठिबकत होता. भाची वळली तेव्हा तिच्या गालावर नळाचा गोल वळ उठला होता. "मी सरांना सांगितलं, शुक्रवार झाला म्हणून. मी खोटं बोलले मावशी, आणि मला माहीतसुद्धा नव्हतं. का केलंस?"

"तू मोडलेली मला बघवत नाही," बाई म्हणाल्या. "बाकीचे बघवतात."

"मी काय दप्तराएवढी आहे अजून?"

बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. रडल्या. मग तोंड धुऊन कुकर लावला. भाची त्या दिवशी जेवली, पण बोलली नाही. बाईंना वाटलं, न जेवता बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी भाचीने वहीची एक नक्कल नव्याने उघडून पहिल्या ओळीपासून चालवली. वरून चौथ्याच कप्प्यात लाल अक्षरं आली. निवडलेल्या आवाजांचा जो संच पुढे वापरला होता, तो वहीत कुठे तयारच होत नव्हता. खराब आवाज गाळायची जी ओळ होती, ती पान आवरताना उकिरड्याबरोबर गेली होती. न मिटलेल्या वहीच्या डोक्यात मात्र तो संच अजून शाबूत होता. भाचीने तिथून तो उतरवून घेतला आणि पाइपवाल्या सरांकडे गेली. झालं ते सगळं सांगितलं. मावशीचंही सांगितलं.

सरांनी चष्मा लावला. "कुठले आवाज गाळले ते सापडलं. का गाळले?"

"काहींच्या वेळी रस्त्याचं काम चालू होतं. काही ऐकून खराब वाटले."

"हा का गाळला?" त्यांनी एकावर बोट ठेवलं.

भाचीने खूप आठवलं. "आठवत नाही, सर."

"परीक्षक नेमकं हेच विचारतील," सर म्हणाले. त्यांनी परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलली. पाणी खात्यातल्या साहेबांना भाचीने फोन करून तसं कळवलं. साहेब म्हणाले, "बघू." त्या आधी ते "या" म्हणत असत.

त्या शुक्रवारी बाईंनी खूण काढली आणि ती वही मिटली. भाची हॉलमध्येच होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

पुढे मग सगळे आवाज पहिल्यापासून ऐकणं आलं. भाची रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलापाशी इअरफोन कानाला लावून बसे. एके दिवशी बाई आपली खुर्ची ओढत घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. "मीही ऐकते," म्हणाल्या. भाचीने इअरफोनचा एक कान काढून त्यांच्याकडे दिला.

बाई या कामाला अगदीच निरुपयोगी निघाल्या. त्यांना प्रत्येक आवाजात गळती ऐकू येई. रस्ता खोदायच्या यंत्राच्या आवाजातही त्यांना गळती ऐकू आली. "कुठेतरी पाणी मुरतंय नक्की," त्या डोळे मिटून सांगत. काही दिवसांनी भाचीला हसू आवरेना. पण एक झालं, बाई शेजारी बसून प्रत्येक आवाजाला "हा का नको?" असं विचारत आणि पटेल असं कारण मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नसत. भाचीला ते कारण वहीत लिहावंच लागे. अशी कारणं लिहून झाली तेव्हा पूर्वी गाळलेल्यांपैकी बरेच आवाज परत आत आले होते.

नवा आलेख आला तो पहिल्याच्या मानाने ओबडधोबड होता. रेषा वेगळ्या होत्या, पण मध्ये एकमेकींना घासून जात होत्या. भाचीने तो खूप वेळ बघितला. पान आवरलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आणि सोमवारी वही द्यायची होती.

पावणेचारला बाईंनी घंटी वाजवली. "साठवा," म्हणाल्या. चारला यादी उघडली. त्यांचा हात आपोआप वरच्या नावाकडे न जाता मध्येच भाचीच्या नावावर गेला आणि तिथेच राहिला. त्या उठल्या, हॉलच्या दारापर्यंत गेल्या. भाची कोपऱ्यात बसली होती.

"खात्री आहे ना?" बाईंनी तिथूनच विचारलं.

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. बाईंनी इतक्या वर्षांत मिटण्यापूर्वी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"नाही," भाची म्हणाली. "म्हणून तर मिटा. चार वाजून गेले, बाई."

बाई परत गेल्या. त्यांनी आधी ती वही मिटली आणि मग वरपासून बाकीच्या. शनिवार-रविवार घरात त्या वहीचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनी सगळी भांडी घासून काढली, स्वच्छ होती तीसुद्धा.

सोमवारी भाचीने पहिल्या ओळीपासून वही चालवली. बाई आपल्या खोलीत पाठमोऱ्या बसून पडद्यावर काहीतरी वाचत होत्या. पडदा बंद होता. एक कप्पा झाला, दुसरा झाला, चौथा झाला. हॉलमध्ये गोगलगायीच्या वहीत नेहमीची लाल अक्षरं आली आणि त्याने नेहमीचा उसासा टाकला. तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली.

"मावशी! आला!"

सगळा हॉल आधी भाचीकडे आणि मग दाराकडे बघायला लागला. दारात बाई उभ्या होत्या. त्या इतक्या लवकर तिथे कशा पोचल्या हे कुणी बघितलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि पदराने डोळे पुसले.

गोगलगाय भाचीकडे वाकला. "या तुझ्या मावशी?" त्याने हळूच विचारलं. "आणि तरी तुझी वही मिटतात?"

"सगळ्यांच्या आधी," भाची म्हणाली.